जॅझच्या महागड्या रीइश्यू एलपी घ्याव्यात का? नवख्यांसाठी खरेदीपूर्व मार्गदर्शक

जॅझच्या एलपी जमवू लागलेल्या माणसासमोर पहिल्या काही महिन्यांतच एक पेच उभा राहतो. एकाच ध्वनिमुद्रणाच्या चार-पाच आवृत्त्या विक्रीला असतात, त्यांतल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग आवृत्तीच्या किमतीत पाच-सहा पटींचे अंतर असते, आणि दोन्हींच्या वेष्टनावर ‘ऑडिओफाइल’ हा शब्द सारख्याच ठळकपणे छापलेला असतो. या पेचातून मी बरेच पैसे घालवून बाहेर पडलो. माझ्या कपाटात आज साठेक महागड्या रीइश्यू, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नव्या छपाया, आहेत आणि त्यांतल्या निम्म्या तरी मी आज पुन्हा घेणार नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. चांगल्या टेपवरून, जाणत्या हाताने कापलेली (म्हणजे आवाजाची खाच कोरलेली) मधल्या किमतीची रीइश्यू घेतली, तर बहुतेक वेळा पैसे वसूल होतात. त्याहून वरच्या किमतीत जो जादा पैसा जातो, तो आवाजापेक्षा पुठ्ठा, पेटी आणि दुर्मिळता यांवरच अधिक खर्च होतो. मात्र ‘चांगली टेप’ आणि ‘जाणता हात’ कसे ओळखायचे, हे विक्रेता सहसा सांगत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या क्रमानेच वाचाव्यात.

१. आधी आपला टर्नटेबल तपासा

माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. मिनिटाला ४५ फेऱ्यांनी फिरणाऱ्या दोन तबकड्यांचा एक महागडा संच मी हौसेने घेतला. घरी लावल्यावर सॅक्सोफोनच्या चढ्या सुरांवर आवाज फाटत होता. तबकडी सदोष आहे असे ठरवून मी ती परत पाठवली, दुसरी आली, तीही तशीच वाजली. शेवटी कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) कोनमापकावर धरून पाहिले, तेव्हा ते सरळ डोळ्यांना दिसेल इतके वाकडे बसलेले होते. स्क्रू सैल करून ते नीट बसवायला वीस मिनिटे लागली आणि त्यानंतर माझ्या जुन्या, स्वस्त तबकड्याही सुधारल्या.

म्हणून महागडी एलपी घेण्याआधी पुढील वस्तू जवळ असाव्यात:

- सुईचा दाब मोजणारा छोटा डिजिटल काटा
- कार्ट्रिजचा कोन जुळवण्यासाठी छापील कोनमापक
- टर्नटेबल समतल आहे का, हे पाहण्यासाठी पाणसळ
- कार्बन फायबरचा ब्रश
- तबकडी ओली धुण्याचे काही तरी साधन, साधे चालेल
- आतून गुळगुळीत प्लास्टिकचे अस्तर असलेली पाकिटे

सुईचा दाब कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेतच ठेवावा. दाब कमी ठेवला की तबकडी जास्त टिकते, हा समज उलटा आहे; हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, खाचेच्या भिंतींवर आपटत जाते आणि त्यांना इजा करते. सुईच्या आकाराचेही महत्त्व आहे. गोल टोकाची सुई एलपीच्या आतल्या भागातले बारीक तपशील वाचू शकत नाही. तुमच्याकडे तशीच सुई असेल, तर पहिला खर्च लंबवर्तुळाकार किंवा त्याहून बारीक टोकाच्या सुईवर करावा. एका महागड्या संचाच्या किमतीत बऱ्यापैकी सुई येते आणि ती तुमच्या सगळ्याच तबकड्यांना लागू पडते.

२. कोणत्या पातळीची आवृत्ती पाहतो आहोत, हे ठरवा

ढोबळमानाने चार पातळ्या आहेत. पहिली, १९५० आणि १९६० च्या दशकांतली मूळ छपाई, जी आता संग्राहकांचा विषय झाली आहे. दुसरी, कोणत्याही तपशिलाशिवाय विकली जाणारी स्वस्त रीइश्यू. तिसरी, नाव-गाव सांगून केलेली मधल्या किमतीची रीइश्यू. चौथी, क्रमांक घातलेल्या, पेटीतल्या, मोजक्या प्रतींच्या आवृत्त्या.

तिसऱ्या पातळीचे उदाहरण ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या दोन मालिकांवरून चांगले समजते. ‘टोन पोएट’ मालिका २०१९ मध्ये सुरू झाली. तिची जबाबदारी जो हार्ली यांच्याकडे आहे, मास्टरिंग, म्हणजे टेपवरचा आवाज तबकडीसाठी तयार करण्याचे काम, केव्हिन ग्रे करतात आणि तबकड्या कॅलिफोर्नियातल्या आरटीआय या कारखान्यात दाबल्या जातात. २०२० मध्ये सुरू झालेली ‘क्लासिक व्हाइनल’ ही स्वस्त मालिका. तिचेही मास्टरिंग केव्हिन ग्रेच करतात, पण छपाई जर्मनीतल्या ऑप्टिमल कारखान्यात होते आणि जाड, उघडणाऱ्या कव्हरऐवजी साधे कव्हर मिळते. दोन्ही मालिकांतल्या तबकड्या मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे. कव्हर हातात न घेता, फक्त ऐकून कोणती कोणत्या मालिकेतली हे मला खात्रीने सांगता येणार नाही. नवख्याने सुरुवात इथूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

३. आवाज कोणत्या टेपवरून आला, हे शोधा

सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि सर्वांत जास्त धूळफेकही इथेच होते.

जॅझच्या सुवर्णकाळातील ध्वनिमुद्रणे चुंबकीय टेपवर झाली. त्या मूळ टेपवरून आवाज थेट लॅकरच्या चकतीवर (जिच्यावरून पुढे साचे बनतात) कापला, तर मधे एकही नक्कल येत नाही. मूळ टेप हरवली असेल, झिजली असेल किंवा मालकाने बाहेर देण्यास नकार दिला असेल, तर नकलेच्या टेपवरून किंवा डिजिटल फाइलवरून काम करावे लागते. त्यात गैर काही नाही; गैर आहे ते न सांगणे. ‘मूळ टेपवरून’ हे शब्द नीट वाचावेत. ‘मूळ टेपवरून कापले’ आणि ‘मूळ टेपवरून तयार केलेल्या हाय-रिझोल्यूशन फाइलवरून कापले’ या दोन वाक्यांत पहिले दोन शब्द तेच असतात आणि जाहिरातीत पुष्कळदा तेवढेच छापलेले असतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०२२ च्या जुलैमध्ये घडले. मोबाइल फिडेलिटी या नामांकित अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या अनेक आवृत्त्यांमध्ये मूळ टेपची आधी डीएसडी या उच्च प्रतीच्या स्वरूपात डिजिटल प्रत घेऊन मग तबकडी कापली जात होती, हे उघडकीस आले. ग्राहक न्यायालयात गेले आणि प्रकरण तडजोडीने मिटले. गंमत अशी की, डिजिटल आवाज क्षणात ओळखतो असे सांगणाऱ्या अनेकांनी त्याच तबकड्यांची वर्षानुवर्षे स्तुती केली होती. त्यातून मी एवढाच धडा घेतला की, चांगल्या रीतीने केलेला डिजिटल टप्पा आवाज बिघडवतोच असे नाही. मात्र ‘संपूर्ण अ‍ॅनालॉग’ (म्हणजे मधे डिजिटल टप्पा नाही) या विश्वासापोटी जादा पैसे मागितले जात असतील, तर ते लेखी स्पष्ट असायला हवे.

याच पायरीवरचा मोठा सापळा युरोपातून येतो. तिथे ध्वनिमुद्रणांचे कॉपीराइट संरक्षण पूर्वी ५० वर्षांचे होते. २०१३ पासून ते ७० वर्षांचे झाले, पण तोपर्यंत मुक्त झालेली ध्वनिमुद्रणे मुक्तच राहिली. परिणामी १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेले, म्हणजे जॅझमधले अत्यंत लाडके संगीत तिथे कोणीही, टेपला हातही न लावता, कायदेशीरपणे छापू शकतो. अशा तबकड्यांचा स्रोत बहुतेकदा सीडी असतो. त्या ओळखणे अवघड नाही: कव्हरवर ‘१८० ग्रॅम’, ‘मर्यादित आवृत्ती’ आणि ‘बोनस ट्रॅक’ हे तिन्ही असतात, पण मास्टरिंग कोणी केले याचा उल्लेख कुठेही नसतो. माझ्याकडे अशा चार आहेत. त्यांतल्या एकीवर शेवटी जोडलेली बोनस रचना माझ्या जुन्या सीडीवर त्याच जागी होती, आणि झांजांचा तो काचेसारखा कडक आवाजही तोच होता. सीडी आधीच घरात होती; तीच पुन्हा, ओरखड्यांसह, मी विकत घेतली होती. विक्रेत्याने काही खोटे सांगितले नव्हते, मीच विचारले नव्हते.

मूळ छपाई म्हणजे सर्वोत्तम, हा समजही इथेच तपासून घ्यावा. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९ च्या एलपीच्या पहिल्या बाजूचे मुद्रण ज्या यंत्रावर झाले, ते किंचित मंद चालत होते. त्यामुळे तबकडीवर ती बाजू किंचित चढ्या सुरात वाजते. दुसऱ्या, राखीव यंत्रावरची टेप बरोबर गतीची होती आणि तिच्या आधारे ही चूक १९९० च्या दशकात दुरुस्त झाली. म्हणजे ज्या पहिल्या छपाईसाठी संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात, तिचा सूर चुकलेला आहे आणि नंतरच्या साध्या आवृत्तीचा बरोबर आहे.

४. मास्टरिंग कोणी केले, ते वाचा

तबकडीच्या मध्यावरचे कागदी लेबल आणि शेवटची रचना यांच्यामध्ये जी गुळगुळीत पट्टी असते, तिला संग्राहक ‘डेड वॅक्स’ म्हणतात. दिव्याखाली तबकडी तिरकी धरली की तिथे हाताने कोरलेली अक्षरे दिसतात. रूडी व्हॅन गेल्डर यांनी कापलेल्या जुन्या तबकड्यांवर ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असा ठसा असतो, केव्हिन ग्रे यांच्या कामावर ‘केपीजी’, बर्नी ग्रंडमन यांच्या कामावर ‘बीजी’ आणि रायन स्मिथ यांच्या कामावर ‘आरकेएस’ ही आद्याक्षरे आढळतात. तबकडी हाती येण्याआधीही ही माहिती मिळू शकते. डिस्कॉग्स या ऑनलाइन सूचीत जवळजवळ प्रत्येक छपाईच्या डेड वॅक्सवरचा मजकूर वाचकांनी नोंदवलेला असतो. खरेदीपूर्वी तिथे आवृत्तीचा नेमका क्रमांक जुळवून पाहावा, कारण एकाच कव्हरच्या पाच छपाया असू शकतात.

माणसाने एवढा फरक का पडावा? व्हॅन गेल्डर यांनी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक येथे आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात आणि १९५९ पासून इंगलवुड क्लिफ्स येथील स्वतःच्या स्टुडिओत ब्लू नोटच्या असंख्य एलपी मुद्रित केल्या आणि तबकड्याही स्वतःच कापल्या. त्या काळच्या साध्या रेकॉर्ड प्लेअरवर सुई उडू नये, म्हणून ते खर्ज आवरून धरीत आणि एकंदर आवाज दाबून, पुढे आणून ठेवीत. आजचे अभियंते त्याच टेपवरचा खर्ज मोकळा सोडतात. त्यामुळे नव्या रीइश्यूवर डबल बास जास्त खोल ऐकू येतो, तर जुन्या छपाईवर ट्रम्पेट अंगावर येतो. या दोन आवडी आहेत. कोणाची आवड श्रेष्ठ, हा वाद न संपणारा आहे आणि मी त्यात पडत नाही.

५. वेष्टनावरच्या शब्दांची किंमत ठरवा

‘१८० ग्रॅम’ या शब्दासाठी एक पैसाही जादा देऊ नये. जाड तबकडी हाताला बरी लागते, पण खाचेत काय कोरले आहे, याच्याशी वजनाचा संबंध नाही.

‘४५ फेऱ्या’ या शब्दामागे मात्र खरे भौतिकशास्त्र आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरते तेव्हा बाहेरच्या कडेशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते. आतल्या टोकाला हे अंतर सुमारे २१ सेंटीमीटरवर येते. तेवढ्याच संगीताला निम्म्याहून कमी जागा मिळते, आणि म्हणून बाजूच्या शेवटच्या रचनेत ट्रम्पेट फाटल्यासारखा वाटतो. गती वाढवली की ही अडचण कमी होते. बदल्यात एक एलपी दोन तबकड्यांवर पसरते आणि दर दहा-बारा मिनिटांनी उठावे लागते. एखाद्या लाइव्ह मैफिलीचा प्रवाह असा चार तुकड्यांत ऐकणे मला जमले नाही. माझे असे संच आता क्वचितच बाहेर निघतात.

‘वन-स्टेप’ ही छपाईची पद्धत आहे. नेहमीच्या पद्धतीत लॅकरवरून धातूची उलटी प्रत, तिच्यावरून सुलटी प्रत आणि तिच्यावरून दाबाचा साचा असे तीन टप्पे असतात. वन-स्टेपमध्ये पहिली उलटी प्रतच साचा म्हणून वापरतात. दोन नकला वाचतात, पण एका साच्यातून मोजक्याच प्रती निघत असल्याने दर काही प्रतींसाठी नवे लॅकर कापावे लागते आणि किंमत चढते. फरक ऐकू येतो का? माझ्या यंत्रणेवर, शांत खोलीत, लक्ष देऊन ऐकल्यास थोडा येतो. किमतीच्या प्रमाणात येत नाही.

‘मर्यादित’, ‘क्रमांकित’ हे शब्द आवाजाविषयी काहीच सांगत नाहीत. ते फक्त तुम्हाला घाई करायला लावतात. रात्री बारा वाजता विक्री सुरू होणार म्हणून जागून घेतलेल्या माझ्या तीन संचांपैकी दोन संचांतले संगीत मला मुळात फारसे आवडत नव्हते.

६. मोनो की स्टिरिओ, हे ठरवा

व्हॅन गेल्डर १९५७ पासून दोन ट्रॅकवरही मुद्रण करू लागले, पण सुरुवातीच्या त्या स्टिरिओत वाद्ये दोन टोकांना ढकललेली असतात. फुंकवाद्ये डावीकडे, ड्रम उजवीकडे आणि मधे पोकळी, अशी ती मांडणी हेडफोनवर विशेष खटकते. त्याआधीच्या मुद्रणांना मोनोच घ्यावे. ‘स्टिरिओत रूपांतरित’ असे लिहिलेली जुनी आवृत्ती दिसल्यास खाली ठेवावी. पुढच्या काळातल्या अनेक मोनो एलपी म्हणजे त्याच दोन ट्रॅकचे एकत्रीकरण आहे, त्यामुळे केवळ ‘मोनो’ या शब्दासाठी जादा पैसे देण्याआधी मोनोची स्वतंत्र टेप होती का, ते पाहावे. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचे बटण असेल, तर काही वेळा ते दाबल्यानेच काम भागते.

७. घेण्याआधी घरीच एक चाचणी करा

ज्या एलपीची महागडी आवृत्ती घ्यायची आहे, तिची साधी आवृत्ती, सीडी किंवा स्ट्रीमिंगवरची प्रत आधी महिनाभर ऐकावी. महिन्यात ती तीन वेळाही लावावीशी वाटली नाही, तर प्रश्न तिथेच सुटतो.

दोन आवृत्त्या शेजारी ठेवून तुलना करायची असेल, तर आवाजाची पातळी जुळवून घ्यावी. फोनवरचे ध्वनिमापक अ‍ॅप त्यासाठी पुरेसे आहे. जी प्रत किंचित मोठ्याने वाजते, ती कानाला नेहमीच चांगली वाटते. तुलनेसाठी गजबजलेला भाग निवडू नये. बासचा एकल भाग, ब्रशने वाजवलेला ड्रम किंवा पियानोचा लांबत जाणारा सूर निवडावा. पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रिकुटाचे न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये २५ जून १९६१ रोजी झालेले मुद्रण यासाठी मला उपयोगी पडते, कारण त्यात श्रोत्यांची कुजबुज आणि पेल्यांची किणकिण आहे. पहिल्यांदा ती किणकिण ऐकून मी तबकडीवर ओरखडा शोधत बसलो होतो. चांगल्या छपाईवर तो पेला पियानोच्या मागे कुठल्या तरी टेबलावर असल्यासारखा वाटतो. वाईट छपाईवर तो पृष्ठभागाच्या खरखरीतच मिसळून जातो.

८. तबकडी हाती आल्यावर त्याच आठवड्यात तपासा

महागडी तबकडी निर्दोष असेलच, असे समजू नये. प्रथम ती धुवावी, कारण नव्या तबकडीवरही कागदाचे कण आणि कारखान्यातली धूळ असते. मग दोन्ही बाजू सलग, मधे न उठता ऐकाव्यात आणि पुढील दोषांकडे लक्ष द्यावे.

दर १.८ सेकंदांनी, घड्याळासारखी येणारी टिकटिक हा एका जागचा ओरखडा किंवा फुगवटा असतो. ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर हे अंतर १.३३ सेकंदांचे असते. धुऊनही न जाणारा, कापड फाटल्यासारखा सलग आवाज म्हणजे दाबताना साच्यात प्लास्टिक पूर्ण भरले गेलेले नाही. पियानोचा लांब सूर डोलत असेल, तर डोके टर्नटेबलच्या पातळीला आणून टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, पाहावे. प्रत्येक फेरीला तो डावी-उजवीकडे झुलत असेल, तर मधले छिद्र केंद्रापासून सरकलेले आहे. हा दोष सॅक्सोफोनच्या जलद रचनेत लपतो आणि संथ बॅलडमध्ये उघडा पडतो, म्हणून परत पाठवायचे की नाही, हे बॅलड ऐकून ठरवावे.

दोष आढळल्यास त्या जागेचे, म्हणजे कोणती बाजू, कोणती रचना आणि कोणता मिनिट याचे टिपण आणि टोनआर्मची छोटी चित्रफीत विक्रेत्याला पाठवावी. ‘आवाज चांगला नाही’ एवढ्याच तक्रारीवर मला कधीही बदली तबकडी मिळालेली नाही. तबकडी ठेवून घ्यायची ठरल्यास कडक कागदाचे आतले पाकीट बदलावे आणि बाहेरून पीव्हीसीचे कव्हर घालू नये, कारण कालांतराने त्यातले रसायन तबकडीवर धुरकट थर सोडते. मूळ पाकीट, खोका आणि पावती परतीची मुदत संपेपर्यंत टाकून देऊ नयेत.